पत्र्यावर दगड ठेवून शेड वाचत नाही! अंगणात, परसात किंवा शेतात शेड उभारण्याआधी पायाचा हिशोब समजून घ्या

एप्रिल-मे महिना आला की एक बातमी ठरलेली असते. वळवाचा पाऊस आला, सोबत वादळी वारं सुटलं आणि पत्रे उडाले. कुठे गोठ्याचे, कुठे घराचे, तर कुठे अवजारं ठेवायला नुकत्याच बांधलेल्या नव्याकोऱ्या शेडचे.

गावागावांत यावर एक जुना उपाय आहे. पत्र्यावर दगड ठेवायचे. कुणी विटा ठेवतं, कुणी जुने टायर टाकतं, कुणी वाळूची पोती. वर्षानुवर्षं हे चालत आलंय आणि बऱ्याचदा त्याने काम भागतंही. पण एखाद्या वर्षी मोठं वादळ येतं, तेव्हा पत्रा जातोच आणि वर ठेवलेला दगड आतल्या माणसाच्या किंवा जनावराच्या अंगावर येतो.

हल्ली बंगल्याच्या मागे, फार्महाउसवर, रो-हाउसच्या मोकळ्या जागेत छोटी शेड उभारणाऱ्यांची संख्या वाढली आहे. खुरपी, कुदळ, फावडी, फवारणीचा पंप, गवत कापायचं मशीन, ठिबकच्या नळ्या, खताची पोती, सायकली. घरात जागा नाही आणि बाहेर ठेवलं तर गंज नाहीतर चोरी.

अशा वेळी सगळी चर्चा पत्र्याची होते. कुठल्या कंपनीचा, कुठल्या रंगाचा, किती जाडीचा. ज्यावर शेड उभी राहणार आहे, त्या पायाचा प्रश्न मात्र शेवटी येतो. किंवा येतच नाही.

तर पाया एवढा महत्त्वाचा का? आधी वाऱ्याचं गणित बघू.

वारा पत्र्याला ढकलत नाही, उचलतो

वादळात पत्रा आडवा ढकलला जातो, असं अनेकांना वाटतं. खरं तर कमी उताराच्या छपरावरून वारा वेगाने जातो तेव्हा छपराच्या वरच्या बाजूला दाब कमी होतो आणि पत्रा वर ओढला जातो. शेडची एक बाजू उघडी असेल तर आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. म्हणजे वरून ओढ आणि खालून धक्का.

भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा दाब काढायचं साधं सूत्र दिलं आहे. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंद घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर येतं. छपराचा आकार, उतार आणि उघडी बाजू यांनुसार पुढे आकडा कमी-जास्त होतो, पण अंदाजासाठी एवढं पुरे.

समजा, शेड १० बाय ८ फुटांची आहे. चारही बाजूंनी फूटभर पत्रा बाहेर काढला तर छप्पर १२ बाय १० फूट, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर होतं. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याने ते झाकलं तर पत्र्याचं एकूण वजन ५० किलोच्या आसपास. त्यावर १० किलोचे १० दगड ठेवले तर झाले १५० किलो.

आता वारा. ताशी ५४ किलोमीटरचं वारं सुटलं तर या छपराला वर ओढणारी ताकद साधारण १५० किलो असते. म्हणजे दगड जेमतेम पुरले. म्हणूनच लोकांचा दगडांवर विश्वास बसतो.

पण वेग दुप्पट झाला की ताकद चौपट होते. ताशी १०८ किलोमीटरला हीच ओढ ६०० किलोवर जाते. दगड आणि पत्रे मिळून १५० किलो. पुढे काय होणार ते वेगळं सांगायला नको.

हा वेग काही अशक्य नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. आयएस ८७५ मध्ये इमारतींच्या डिझाइनसाठी पुण्याला ३९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर इतका मूळ वेग धरला आहे. मुंबई आणि नागपूरसाठी तो ४४ मीटर, म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर आहे. हे आकडे मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवरच्या जोरदार झोतांचे आहेत. झाडा-घरांच्या आडोशाला असलेल्या बुटक्या शेडला तेवढा मार बसत नाही. तरी माळरानावरच्या एकट्या शेडसाठी हा धोका खराच.

मग ६०० किलोची किंवा त्याहून जास्त ओढ अडवणार कोण? १० बाय ८ फुटांचा आणि ४ इंच जाडीचा काँक्रीटचा कोबा घातला तर त्याचं वजन सुमारे १८०० किलो भरतं.

म्हणजे वजन हवंच आहे, पण ते छपरावर ठेवायचं नाही. ते जमिनीत हवं, आणि पत्र्यापासून तिथपर्यंत प्रत्येक जोड पक्का हवा.

आधी ठरवा, शेडमध्ये ठेवायचं काय?

नुसती अवजारं आणि पाइप असतील तर ६ बाय ४ फुटांची शेडही पुरते. दुचाकी किंवा पॉवर टिलर आत घ्यायचा असेल तर दार किमान ४ फूट रुंद आणि उंबऱ्याऐवजी उतार लागतो. खताची पोती ठेवायची असतील तर जमिनीची ओल थेट मालाला लागते. युरिया हवेतलं पाणी ओढून घेतो आणि त्याचे खडे होतात, त्यामुळे पोत्यांखाली लाकडी फळ्या हव्यात.

कीटकनाशकं आणि पेट्रोल यांची गोष्ट वेगळी आहे. पत्र्याची बंद शेड मे महिन्यात आतून भट्टीसारखी तापते. त्यामुळे पेट्रोल साठवायला ती योग्य जागा नाही. कीटकनाशकं ठेवायचीच असतील तर हवा खेळेल अशा जागी, कुलूपबंद कपाटात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत.

एक साधी युक्ती आहे. सगळं सामान मोकळ्या जागेत मांडा, मध्ये उभं राहायला अडीच फुटांची वाट सोडा आणि भोवती चुन्याची रेघ मारा. तुमच्या शेडचं माप तेच.

शेडमध्ये पर्याय कोणते?

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसते ती लोखंडी पाइप किंवा अँगलच्या सांगाड्यावर पत्रा मारलेली शेड. गावातला फॅब्रिकेटर दोन-तीन दिवसांत ती उभी करतो. मोडतोड झाली तर दुरुस्तीही गावातच होते. यात पत्र्याच्या जाडीइतकंच महत्त्व त्यावरच्या जस्ताच्या थराला आहे. १२० जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर पत्र्याच्या दोन्ही बाजूंना मिळून १२० ग्रॅम जस्त. एका बाजूला ते जेमतेम ८ मायक्रॉन भरतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत जास्त जस्ताचा किंवा रंगीत लेप दिलेला पत्राच घ्यावा.

पत्रा वजनावर पडताळून घेता येतो. लांबी, रुंदी आणि जाडी सारखी सांगूनही एका दुकानातला पत्रा दुसऱ्यापेक्षा बराच हलका भरला, तर जाडीत मारलंय हे उघड आहे.

दुसरा पर्याय सिमेंटच्या पत्र्याचा. हा कमी तापतो आणि गंजत नाही. पण अशा अनेक पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांमुळे कर्करोग होऊ शकतो. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर बंदी घातली, भारतात असे पत्रे अजून विकले जातात. सगळ्यात जास्त धोका असतो तो पत्रा कापताना, भोक पाडताना किंवा फुटल्यावर उडणाऱ्या धुळीचा. नवी शेड बांधताना ॲस्बेस्टॉस नसलेला पत्रा मागून घ्यावा.

तिसरा पर्याय ऑनलाइन मिळणाऱ्या तयार शेडचा. प्लॅस्टिकच्या किंवा पातळ पत्र्याच्या या शेड खोक्यात येतात आणि घरच्या घरी जोडता येतात. दिसतात छान, पण वजनाला हलक्या असतात. त्या सपाट, पक्क्या पायावर बोल्टने बसवाव्या लागतात. नुसत्या हिरवळीवर किंवा फरशीवर ठेवल्या तर दार तिरकं होतं, कुलूप लागत नाही आणि जोराच्या वाऱ्यात शेड जागेवरून हलू शकते.

जमीन कोणती, त्यावर पाया

शेजाऱ्याने केला तसाच पाया आपणही करायचा, असं करण्याआधी आपली जमीन ओळखावी लागते.

काळी जमीन ही महाराष्ट्रातली सगळ्यात अवघड. विदर्भ, मराठवाडा आणि नद्यांकाठच्या पट्ट्यात ती खोलवर असते. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. म्हणूनच उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

इथे एक गंमत आहे. घर जड असतं, ते फुगणाऱ्या मातीला थोडंफार दाबून धरतं. शेड हलकी असते. त्यामुळे काळी माती शेडला सहज वर उचलते, तीही सगळीकडून सारखी नाही. पाणी जिरतं ती बाजू वर, कोरडी बाजू खाली. कोब्याला तडा जातो, खांब तिरके होतात आणि दार अडकायला लागतं.

यावर उपाय म्हणजे वरची दीड-दोन फूट काळी माती काढून तिथे मुरूम भरणं. अनेक जण खड्ड्यात नुसती वाळू भरतात. ती चूक महागात पडते, कारण वाळूत पाणी साठतं आणि खालच्या काळ्या मातीला पोहोचत राहतं. भरायला घट्ट बसणारा, पण न फुगणारा मुरूम लागतो. फुगणाऱ्या मातीवर अशा न फुगणाऱ्या चिकट मातीचा दाबलेला थर द्यायच्या पद्धतीवर आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी मोठं काम केलं. कालव्यांच्या कामात ती पद्धत वापरली गेली.

मुरमाड जमीन असेल तर अर्धं काम झालेलंच आहे. वरची सैल माती आणि गवताची मुळं काढा, पाणी मारून धुम्मस करा आणि त्यावर पाया घ्या.

कोकणात आणि गोव्यात जांभा असतो. जमीन पक्की असते, पण पाऊस प्रचंड. इथे जमीन हलण्याची भीती कमी आणि पाण्याची जास्त. जांभ्या चिऱ्याचं जोतं जमिनीपासून किमान फूटभर वर घ्यावं. कातळ लागला तर खड्डा करणं अवघड जातं. तिथे ड्रिलने भोक पाडून त्यात सळी किंवा बोल्ट ग्राउट करून बसवतात. माडाखाली शेड घेऊ नये, याचं कारण कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

चौथी जमीन म्हणजे भराव. नवीन प्लॉटिंगमध्ये खड्डे राडारोडा टाकून बुजवलेले असतात. असा भराव पहिल्या पावसात खचतो. घाई नसेल तर एक पावसाळा जाऊ द्यावा. घाई असेल तर खांबांचे खड्डे भरावाच्या खालच्या मूळ जमिनीपर्यंत न्यावेत.

पाया कसा घ्यायचा?

साधारण तीन प्रकारचे पाये शेडसाठी चालतात.

पहिला, मुरूम आणि पेव्हर ब्लॉक किंवा शहाबादी फरशीचा. स्वस्त, जमीन थोडी हलली तरी फुटत नाही, एखादा ब्लॉक बसला तर उचलून पुन्हा लावता येतो. पण ब्लॉकला शेड बोल्टने बांधता येत नाही. त्यामुळे खांबांना स्वतंत्र काँक्रीटचे खड्डे हवेतच.

दुसरा, नुसत्या खांबांच्या खड्ड्यांचा. दीड बाय दीड फूट आणि २ फूट खोल खड्डा काँक्रीटने भरला तर एका खड्ड्याचं वजन ३०० किलोच्या आसपास होतं. ६ खांबांचे झाले १८०० किलो. उघड्या शेडसाठी किंवा चारा ठेवायला हे पुरतं. काळ्या जमिनीत मात्र खड्डे जितके खोल, शक्य तर खालच्या मुरमापर्यंत, तितकं चांगलं.

तिसरा, काँक्रीटचा कोबा. बंद शेड, जड सामान आणि उंदीर-सापांचा त्रास असेल तर हाच बरा. पावसाळ्यात उंदीर कोरड्या जागेला येतात आणि त्यांच्या मागे साप. पत्रा आणि जमीन यांच्यात फट राहिली नाही तर दोघांचीही वाट बंद होते.

१० बाय ८ फुटांच्या शेडसाठी कोब्याचं काम साधारण असं चालतं.

१. चारही बाजूंना फूटभर जास्त धरून १२ बाय १० फुटांची आखणी करा. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच काटकोन बरोबर.

२. वरची सैल माती आणि मुळं काढा. ६-६ इंचांच्या थरात मुरूम टाका, पाणी मारा, धुम्मस करा. दाबून ९ इंच थर हवा असेल तर सव्वा ब्रास मुरूम धरून चला. सगळा मुरूम एकदम टाकून वरून धुम्मस केली तर खालचा थर सैलच राहतो.

३. मुरमावर जाड प्लॅस्टिक कागद अंथरा. जमिनीतली ओल कोब्यात चढत नाही.

४. कडेने फळ्या लावा, आत सळीची जाळी ठेवा. जाळी खाली मुरमावर पडून उपयोग नाही, ती काँक्रीटच्या आत उचललेली हवी. खाली छोटे कव्हर ब्लॉक लावा.

५. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. ४ इंच जाडीसाठी साधारण ६ गोणी सिमेंट, ११-१२ घनफूट वाळू आणि २२-२४ घनफूट खडी लागते. खांब येणार तिथे कोबा खाली जाड करा आणि ओल्या काँक्रीटमध्येच फाउंडेशन बोल्ट बसवा.

६. दाराच्या दिशेने हलका उतार द्या. १० फुटांना एक-सव्वा इंच पुरे.

७. किमान ७ दिवस पाणी मारा. ओली पोती टाकून ठेवली तर उन्हाळ्यातही ओल टिकते. पाणी न मारलेला कोबा वरून पांढरा, भुसभुशीत होतो आणि बोल्ट धरत नाही.

पत्र्यापासून पायापर्यंत साखळी

वाऱ्याची ओढ पत्र्यावर लागते. तिथून ती स्क्रूवर येते, स्क्रूवरून आडव्या पाइपवर, पाइपवरून खांबावर, खांबावरून बेसप्लेटवर, बेसप्लेटवरून बोल्टवर आणि शेवटी काँक्रीटवर. या साखळीत एक कडी कच्ची असली तर बाकीच्यांची ताकद वाया जाते.

पहिली कच्ची कडी म्हणजे कमी स्क्रू. कडेच्या आणि कोपऱ्यातल्या पत्र्याला सगळ्यात जास्त ओढ बसते, म्हणून तिथे स्क्रू जवळजवळ हवेत. छपरावर स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर आणि रबरी वायसरसह मारावेत, खोलगट भागात मारले तर तिथूनच गळतं.

दुसरी म्हणजे नुसता टाका मारलेलं वेल्डिंग. सांध्याला पूर्ण वेल्डिंग हवं आणि त्यावर लगेच प्रायमर. वेल्डिंगच्या जागी रंग जळतो, गंज तिथूनच सुरू होतो.

तिसरी कडी म्हणजे मातीत पुरलेला खांब. लोखंडी खांब थेट मातीत गाडला तर जमिनीलगतचा भाग काही पावसाळ्यांतच कुजतो. खांब काँक्रीटच्या वर बेसप्लेटवर उभा असेल तर गंज दिसतो आणि रंगही देता येतो.

पाणी कुठे जाणार?

छपराचा उतार दर फुटाला अडीच-तीन इंच ठेवला तर जोराच्या पावसातही पाणी सांध्यातून मागे येत नाही. पागोळ्या कुठे पडणार ते आधी बघा. त्या जोत्याला लागून पडल्या तर कडेची माती उकरली जाते आणि काळ्या जमिनीत तर त्याच बाजूने फुगवटा येतो. म्हणून पन्हळ लावा किंवा पागोळ्यांखाली खडीची चारी काढा.

भिंतीचा पत्रा कोब्याच्या वर टेकवू नका. तो बाहेरून जोत्याच्या कडेखाली दोन-तीन इंच उतरवा. वर टेकवलेल्या पत्र्यावरून ओघळलेलं पाणी थेट आत शिरतं. शेवटी, छपराखाली दोन समोरासमोरच्या बाजूंना जाळी लावलेली खिडकी ठेवा. नाहीतर थंडीत पत्र्याला आतून दव धरतं आणि बाहेर पाऊस नसतानाही अवजारं गंजतात.

परवानगी लागते का?

'चार पत्रे तर मारायचेत' असं म्हणून अनेक जण हा प्रश्न टाळतात. पण घराभोवती सोडलेली मोकळी जागा नियमाने मोकळी ठेवायची असते. आग लागली तर बंब आणि माणसं तिथूनच जातात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विनापरवाना बांधकामावर कारवाई होऊ शकते. त्यामुळे महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्यावं. सोसायटी असेल तर तिचीही लेखी संमती घ्यावी.

कोटेशन घेताना हे विचारा

फॅब्रिकेटर चौरस फुटाचा भाव सांगतो, तेव्हा त्यात पाया धरलाय का? बऱ्याचदा नसतो. म्हणून पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या. पत्र्याची जाडी आणि जस्ताचा थर, पाइपचा आकार आणि जाडी, खांबांची संख्या, बेसप्लेट आणि बोल्टचं माप, पायाचं काम कुणाकडे.

बजेट कमी पडत असेल तर शेड दोन फुटांनी लहान करा, रंगीत पत्र्याऐवजी साधा घ्या. पत्रा दहा वर्षांनी बदलता येतो. पाया बदलायचा तर अख्खी शेड उतरवावी लागते.

आणि सध्या तुमच्या छपरावर दगड असतील तर वळवाच्या आधी एकदा वर चढून नाही, खाली वाकून बघा. खांब जमिनीत कशाला धरून उभा आहे, ते तपासा. बेसप्लेट, बोल्ट आणि छपराचे स्क्रू पक्के करून घेतले की मग ते दगड खाली उतरवायला हरकत नाही.